डबा गेटवर, भूक आत

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. मे महिन्यात किंवा दिवाळीत पोरांना घेऊन पार्कात जायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि शाळेच्या सहलीचं ठरवणारे गुरुजी, बाई माझ्या यादीत बरेच आहेत, त्यांनी तर वाचाच.

मागच्या सुट्टीत आम्ही पुण्या-मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो होतो. पार्कचं नाव मी लिहिणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि माझं भांडण एका पार्कशी नाहीच. माझं भांडण एका नियमाशी आहे. तो जवळपास सगळीकडे पाटीवर लिहिलेला असतो: ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे.’

आम्ही सात माणसं. मी, बायको, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा, आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. शिवाय त्यांचं दीड वर्षाचं बाळ. भाड्याची मोठी गाडी केली. पहाटे चारला बार्शी सोडली. कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत हायवेला लागलो. भिगवणला चहा झाला. डब्यात काय होतं? आपल्याकडं प्रवासाला जे असतं तेच. धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, आईसाठी ज्वारीची मऊ भाकरी आणि मेथीची भाजी. सात माणसांचं दोन वेळचं खाणं. सामानाचा हिशोब केला तर पाचशेच्या आत.

गाडीत पोरांची चर्चा एकच: आत गेल्यावर काय खायचं? मुलीने मोबाइलवर आधीच बघून ठेवलं होतं. आत सहा ठिकाणी खायला मिळतं. एक पंजाबी, एक दक्षिणेकडचं, एक पिझ्झावालं, एक बुफे, दोन स्टॉल. ती म्हणाली, ‘पप्पा, चॉइस आहे आपल्याला.’

हा ‘चॉइस’ शब्द लक्षात ठेवा. सगळी पोस्ट त्याच्यावरच आहे.

दहा वाजता गेटवर पोचलो. तिकिटं ऑनलाइन काढलेली होती. मोठ्यांची पाच, बाराशेच्या भावाने सहा हजार. पोरांची दोन, नऊशेच्या भावाने अठराशे. एकूण सात हजार आठशे. पैसे आधीच गेलेले, परत मिळणार नाहीत असं तिकिटावरच लिहिलेलं. मग तपासणी सुरू झाली. बॉम्ब शोधतात तशा पिशव्या उघडल्या. निघाले काय तर धपाटे.

तपासणीवर एक पोरगी होती, बावीस-तेवीसची. बोलीवरून आपल्याच भागातली वाटली. म्हणाली, ‘काका, हे आत जाणार नाही. गाडीत ठेवून या, नाहीतर लॉकर आहे, शंभर रुपये. नाहीतर इथं ड्रममध्ये टाका.’ ड्रममध्ये बघितलं. पोळ्या, पुऱ्या, उकडलेली अंडी, कुणाचा तरी पूर्ण भरलेला डबा. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण, आणि इथे रांगेत उभं राहून अन्न टाकत होतो.

मी पत्रकारी आवाज काढला. नियम दाखवा, साहेबांना बोलवा वगैरे. साहेब आले. बाळाचं खाणं न्यायला त्यांनी परवानगी दिली. आईबद्दल विचारलं, त्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे, त्यांची भाकरी तरी न्यायची आहे. साहेब म्हणाले, ‘डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?’ सहलीला निघताना कोण चिठ्ठी घेऊन निघतं? मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. पोरं माझा हात ओढायला लागली. आई म्हणाली, ‘आरं, कशाला भांडतोस. असू दे की. खाईन मी आतलंच कायतरी.’

आपल्या आयांची पिढी सगळीकडे असंच म्हणते. असू दे की. या तीन शब्दांवर या राज्यात किती जणांचे धंदे चालतात याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

भाऊ पिशवी घेऊन पार्किंगला गेला. अर्धा किलोमीटर जाणं, अर्धा किलोमीटर येणं. पिशवी सरसकट गेली. आईची भाकरी गेली आणि तिच्या बाजूच्या कप्प्यातली साखरेची पुडीही गेली. त्या गडबडीत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जाताना ती पोरगी हळूच म्हणाली, ‘काका, मीबी डबाच खाते. पण मला नोकरी करायचीय.’ तिच्यावर माझा राग नाही. उलट रोज शंभर माणसांच्या शिव्या ती खाते आणि नियम करणारा एसीत बसतो, हे मला तिथेच कळलं.

आता आतलं ऐका.

बुफे एकला सुरू होणार अशी पाटी होती. आईने अंदाजाने साडेबाराला सुई घेतली. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असं तिला डॉक्टरांनी सांगितलेलं. एकला आम्ही कूपनच्या रांगेत लागलो. तिथून ताटाच्या रांगेत. दीड वाजत आला तरी ताट हातात नाही. मुलगी ओरडली, ‘पप्पा, आज्जी!’ वळून बघितलं तर आई खुर्चीवर, चेहरा पांढरा, घामाने पदर ओला, हात थरथरत होते. साखर उतरली होती.

साखरेची पुडी कुठे? गाडीत. भाकरी कुठे? गाडीत. भावाच्या बायकोने बाळाच्या पिशवीतली बिस्किटं काढली. मुलगा पळत जाऊन साठ रुपयांचं थंड पेय घेऊन आला. पंधरा-वीस मिनिटांत आई सावरली. पार्कच्या प्रथमोपचार खोलीतली नर्स धावत आली, तिने साखर तपासली, शेवटपर्यंत आईजवळ बसून राहिली. तिचे आभार मानलेच पाहिजेत.

यात चूक माझीही आहे. ताट समोर येईपर्यंत सुई द्यायची नसते, आणि साखरेची पुडी पिशवीत नाही, माणसाच्या खिशात असावी लागते. पण घरच्या डब्याचं एक असतं. तो हातात असतो. सुई घेतली, डबा उघडला, जेवले. आईच्या त्या दिवसाचं सगळं गणित त्या डब्यावर बसवलेलं होतं आणि तो डबा आम्ही आमच्या हाताने बाहेर ठेवून आलो होतो.

बाळाच्या खाण्याला परवानगी मिळाली म्हणून त्या दिवशी आज्जी वाचली. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय. पुन्हा एकदा वाचा.

आता हिशोब. मोठ्यांची पाच ताटं साडेचारशेच्या भावाने दोन हजार दोनशे पन्नास. पोरांची दोन ताटं तीनशेच्या भावाने सहाशे. पाण्याच्या सात बाटल्या पन्नासच्या भावाने साडेतीनशे. बाटलीवर छापील किंमत वीस. संध्याकाळी सात वडापाव ऐंशीच्या भावाने पाचशे साठ, पाच चहा चाळीसच्या भावाने दोनशे. पोरांची दोन आइस्क्रीम, दोनशे चाळीस. बेरीज चार हजार दोनशे. ते साठ रुपयांचं थंड पेय यात धरलेलं नाही, ते आमच्या आईचं औषध होतं. म्हणजे तिकिटाच्या निम्म्याहून जास्त रक्कम पोटात गेली, आणि पोटाला काय मिळालं म्हणाल तर कोमट पनीर आणि मैद्याची रोटी. आईने त्यातला डाळ-भात तेवढा खाल्ला.

आणि तो ‘चॉइस’? सहा ठिकाणं होती, पण गल्ला एकाच व्यवस्थेचा. पाण्याची बाटली सहाही ठिकाणी पन्नासलाच. आपल्या बाजारात शेजारी-शेजारी दोन वडापावच्या गाड्या असल्या तर एकाचा भाव वाढला की माणूस दुसरीकडे जातो. पार्कात दुसरीकडे नसतंच. एकदा बाहेर पडलं की तिकीट संपलं. म्हणजे निवड तुम्ही गेटवरच ठेवून आलेले असता, डब्यासोबत. आत उरतं ते एवढंच, की कुठल्या काउंटरवर लुटून घ्यायचं.

आता पार्कवाल्यांची बाजू. ती मांडल्याशिवाय लिहिणं म्हणजे नुसती बोंब. ती मी मारणार नाही.

पहिली बाजू कायद्याची. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांच्या बाबतीत सांगितलं की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला उलटा आदेश त्यांनी रद्द केला. बरोबर. पण त्याच निकालात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत आणि त्या कुणी पाटीवर लिहीत नाही. पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत उपलब्ध असलं पाहिजे. आणि लहान बाळाला घेऊन आलेल्या आईबापाला बाळापुरतं खाणं नेता आलं पाहिजे.

शिवाय सिनेमा तीन तासांचा. घरून जेवून जा, येऊन जेवा. पॉपकॉर्न नाही खाल्लं तर कुणाला चक्कर येत नाही. पार्क सकाळी दहा ते संध्याकाळी सहा-सात. मधे जेवणाची वेळ येते, चहाची येते, औषधाची येते. उन्हात चालायचं असतं, पाण्यात भिजायचं असतं, पोरांना दर तासाला भूक लागते. आठ तास माणसाला आत ठेवायचं, बाहेर पडलास तर पुन्हा आत नाही म्हणायचं, आणि खाणं मात्र माझ्याकडूनच घ्यायचं. सिनेमाचा न्याय इथे जसाच्या तसा कसा लागेल? मी वकील नाही, पण एवढा फरक माझ्या चौथीतल्या पोरालाही कळतो.

दुसरी बाजू पाण्याच्या बाटलीच्या किमतीची. तिथेही न्यायालयाचं नाव पुढे केलं जातं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हॉटेल आणि रेस्टॉरंट छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, कारण तिथे ग्राहक नुसती बाटली घेत नाही, तो तिथे बसतो, त्याला सेवा मिळते. मान्य. पण मला सांगा, उन्हात टपरी, खुर्ची नाही, पंखा नाही, ग्लास नाही. पोऱ्या फ्रिज उघडतो, बाटली काढतो, पन्नास रुपये घेतो. यात सेवा कुठली? हे दुकानच झालं. आणि दुकानदाराने छापील किमतीच्या वर एक रुपया घेतला तरी तो वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे. १ जानेवारी २०१८ पासून तर एकाच मालावर ठिकाण बघून दोन वेगळ्या छापील किमती टाकायलाही बंदी आहे. टपरीला रेस्टॉरंट म्हटल्याने ती रेस्टॉरंट होते का, याचा निकाल एकदा कुणीतरी लावून घेतला पाहिजे.

आता तुलना करा. रेल्वेची ‘रेल नीर’ची एक लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून पंधरावरून चौदा रुपयांवर आली. आपल्या एसटीची ‘नाथजल’ची बाटलीही अशीच स्वस्त मिळते. ज्या एसटीला आपण उठता-बसता नावं ठेवतो, ती तोट्यात राहूनही ज्या भावात पाणी विकते, त्या भावात हजार-बाराशेचं तिकीट घेणारा पार्क विकू शकत नाही?

तिसरी बाजू तिकिटाची. ‘खाण्यावर कमावतो म्हणून तिकीट परवडतं’ असं सांगतात. ठीक आहे. मग तिकीट विकतानाच सांगा ना, की बाबांनो, माणशी पाचशे-सहाशे खाण्याचे वेगळे धरा. साइटवर झोपाळ्यांचे फोटो वीस, आणि जेवणाचे दर शोधून सापडत नाहीत. सरकारनेही या धंद्याला मदत केली आहे. जीएसटी आला तेव्हा पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. ‘कुटुंबाची करमणूक आहे, सामाजिक बाब आहे’ असं म्हणत जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. चांगलं केलं. पण कुटुंबाच्या नावाने सवलत घ्यायची आणि त्याच कुटुंबाच्या आज्जीची भाकरी गेटवर अडवायची, हे काय?

चौथी बाजू स्वच्छतेची आणि सुरक्षेची. इथे मात्र मला मान खाली घालावी लागते. आपण लोक कसे आहोत हे मला माहीत आहे. उजनीच्या काठावर रविवारी संध्याकाळी जाऊन बघा. द्रोण, पत्रावळ्या, चिप्सची पाकिटं, फुटलेल्या बाटल्या. किल्ल्यांवर तीच गत. डब्याच्या नावाखाली दारू नेणारे महाभाग असतात, गुटखा खाऊन पाण्याच्या टाकीत पिचकारी मारणारेही असतात. पार्कवाल्यांची भीती खोटी नाही. पण यावर उपाय दारू अडवणं, काच अडवणं, कचरा करणाऱ्याला दंड करणं हा आहे. धपाटे अडवणं हा नाही. आणि पार्कातच विकलेल्या कागदी डिश, प्लास्टिकचे चमचे, त्या बाटल्या हा काय पवित्र कचरा असतो?

परदेशाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, साहेब तिकडचं सांगू नका. पण या धंद्यात सगळी नक्कल तिकडचीच आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेत अनाहाइमला १७ जुलै १९५५ रोजी पहिलं डिस्नेलँड उघडलं. त्या आधी प्लंबरांचा संप झाला होता. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यातलं एकच वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. उद्घाटनाला प्रचंड ऊन आणि पाण्याचे नळ अपुरे. लोकांनी आरोप केला की कोल्ड्रिंक खपावं म्हणून हे मुद्दाम केलं. म्हणजे पार्कातल्या पाण्याचं भांडण सत्तर वर्षांचं आहे. पण आज काय आहे? फ्लोरिडातल्या त्याच कंपनीच्या मोठ्या पार्कात स्वतःपुरतं खाणं घेऊन जाता येतं. काचेचं भांडं नको, दारू नको, अशा अटी. खाण्याच्या काउंटरवर साधं थंड पाणी मागितलं तर फुकट मिळतं. त्यांचं तिकीट स्वस्त नाही, खाणंही स्वस्त नाही, आणि धर्मशाळा तर ते नक्कीच चालवत नाहीत. तरी धंदा बुडाला नाही. टोकियोच्या डिस्नेत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण गेटबाहेर डबा खायला वेगळी जागा करून ठेवली आहे. म्हणजे बंदी घालायची तरी माणुसकीने घालता येते.

आपल्याकडे झोपाळे तिकडचे आणले, नावं तिकडची आणली, पाण्याचा नळ तेवढा आणायचा राहिला.

आणि सरकार? २०१८ आठवतंय? मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या दरावरून पुण्यात राडा झाला. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारने सांगितलं की लोकांना बाहेरचं खाणं नेता येईल. पेपरांनी मोठे मथळे दिले. आम्हीही दिला. महिनाभरात त्याच सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं की यात हस्तक्षेप करायची गरज वाटत नाही. ती बातमी आमच्या पेपरात आतल्या पानावर, चार ओळींत गेली. मीच लावली होती.

आता माझं स्वतःचं पाप सांगतो. ज्या प्रकारच्या पार्कविरुद्ध आज लिहितोय, तशाच एका पार्कची प्रेसनोट दोन वर्षांपूर्वी मी दिवाळी पुरवणीत जशीच्या तशी छापली. ‘कुटुंबासह आनंदाचा दिवस’ असा मथळा. खाली अर्धं पान जाहिरात. एका ओळीनेही विचारलं नाही की पाणी मिळतं का, डबा नेता येतो का, वृद्धांची सोय काय. छोट्या पेपरचं पोट जाहिरातीवर आहे, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. पण आईचा तो घामाने ओला पदर बघितल्यावर मला तो मथळा आठवला. म्हणून ही पोस्ट.

तुम्ही म्हणाल, पत्रकार साहेब, परवडत नसेल तर जाऊ नका. माझं ठीक आहे. वर्षातून एकदा कर्ज काढल्यासारखं करून मी जाईन, किंवा नाही जाणार. पण शाळेच्या सहलीचं काय? पूर्वी सहल म्हणजे रायगड, वेरूळ, अजिंठा, पंढरपूर, एखादं धरण. एसटीत शालेय सहलीला निम्मी सवलत, डबा घरचा. गरिबाचं पोरही जात होतं. आता वॉटरपार्क नसेल तर पोरं नाव घालत नाहीत आणि शाळाही तेच ठरवतात. सहलीच्या वर्गणीत जेवणाचं पॅकेज सक्तीचं. गेल्या वर्षी एका बाईंनी मला सांगितलं, त्यांच्या वर्गातल्या अकरा पोरांनी नावं घातली नाहीत. वर्गणी का भरली नाही विचारलं तर एक पोरगी म्हणाली, ‘बाई, मला पाण्याची भीती वाटते.’ तिला पाण्याची भीती नव्हती. बाईंना माहीत होतं, आणि पोरीलाही माहीत होतं की बाईंना माहीत आहे.

एका भाकरीवर बंदी घातली की ती अशी लांबपर्यंत जाऊन लागते.

आता मागण्या. फार नाहीत, पाच आहेत.

१. तिकीट काढायच्या आधी, त्याच पानावर, जेवणाचे आणि पाण्याचे दर दिसले पाहिजेत.

२. पिण्याच्या पाण्याचे नळ मोफत, स्वच्छ आणि पाटी लावून. एका कोपऱ्यात संडासाशेजारी लपवून नाही. रिकामी बाटली आत नेऊ द्या.

३. दीड-दोन वर्षांचं बाळ, मधुमेही, गरोदर बाई, वृद्ध माणूस यांचं खाणं चिठ्ठी न मागता आत सोडा. सत्तरीच्या बाईकडे भाकरीसाठी पुरावा मागायचा नसतो.

४. बाकीच्यांना डबा आत नेऊ द्यायचा नसेल तर गेटजवळ एक शेड बांधा. चार बाकडी, एक नळ, एक कचरापेटी. हातावर शिक्का मारा, जेवून परत आत घ्या.

५. सीलबंद बाटली छापील किमतीला विका.

या पाचपैकी एकाही गोष्टीने कुणाचा पार्क बंद पडणार नाही. आमच्या आमदारांना आणि ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या मित्रांना ही पोस्ट टॅग करतोय. या अधिवेशनात एक प्रश्न विचारा. उत्तर काय येतं ते मी छापतो, यावेळी पहिल्या पानावर.

आणि तुमच्यासाठी, जे जाणारच आहेत त्यांच्यासाठी, अनुभवाचे चार शब्द.

तिकीट काढायच्या आधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: पाणी फुकट मिळतं का, बाहेर जाऊन परत येता येतं का, आजारी माणसाचं खाणं चालतं का. उत्तर मेसेजवर किंवा मेलवर लेखी मागा, ते गेटवर उपयोगी पडतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ठेवा. मागायला नको, पण मागतात. साखर, गोळ्या खिशात ठेवा. मधुमेही माणसाने ताट समोर आल्यावरच सुईचं बघावं, तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. हायवेला पोटभर खाऊन आत जा. भिगवणला नाहीतर यवतला कुठल्याही साध्या हॉटेलात पिठलं-भाकरी मिळते आणि ती पार्कातल्या पनीरपेक्षा चांगली असते. दुपारचं आतच खायचं असेल तर बुफे उघडायच्या आधी रांगेत लागा किंवा तीननंतर जा.

बिल घ्या. सगळ्यात महत्त्वाचं हेच. बिलावर अन्न परवान्याचा नंबर असला पाहिजे. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीने लावता येत नाही. बाटलीवरच्या छापील किमतीचा आणि बिलाचा फोटो काढा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायला फी लागत नाही. मीही माझं बिल आणि फोटो घेऊन तक्रार करतोय. तीस रुपयांसाठी कोण कोर्टात जातं, असं म्हणून हसाल. पण एका बाटलीमागे तीस, असं माणसांनी भरलेल्या पार्कातल्या एका दिवसाचं गणित तुम्हीच मांडा. मग हसा.

परतीच्या वाटेवर रात्री भूक लागली म्हणून गाडी बाजूला घेतली. डबा उघडला. दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत दही फाटलं होतं, भाजीला वास मारत होता. धपाटे आणि कडक भाकरी मात्र टिकली होती. हायवेच्या कडेला, गाडीच्या डिकीत बसून, चटणी-भाकरी खाल्ली. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, दिवसभरात हेच बेस्ट होतं.’ आई काही बोलली नाही. तिने भाजी टाकून दिली आणि टाकताना हात जोडले.

तुमच्यासोबत असं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पार्कचं नाव लिहू नका, बिल असेल तर मला इनबॉक्स करा. जमवून एकत्र देऊ. आणि पोस्ट पटली तर शेअर करा, नाही पटली तर भांडा. फक्त ‘असू दे की’ म्हणू नका.